ताईच्या वाटणीचं काम

शाळा चालू असताना बाई वर्ग सोडून कधी बाहेर पडत नसत. त्यामुळे त्या दिवशी भर दुपारी त्या चपला हातात घेऊन बटाट्याच्या वाफ्यांमधून येताना दिसल्या, तेव्हाच आई खुरपणी थांबवून उभी राहिली. "त्या काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं," आई पुढे कितीदा तरी म्हणायची. काय कळलं होतं ते मात्र तिला सांगता यायचं नाही.

मी तेव्हा वर खिंडीजवळ शेळ्या राखत होते. म्हणजे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आईकडून, ताईकडून आणि थोडंफार बाईंकडून ऐकलेलं आहे. गंमत अशी की हे सगळं महाभारत माझ्यावरून घडलं, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.

काकू शेजारच्याच वाफ्यात होती. बाई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जरा येता का, धाकटीबद्दल बोलायचं होतं." मग आईला दगडी बांधाच्या पलीकडे नेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "शाळेच्या फोनवर वसतिगृहातून निरोप आला. थोरली काल सकाळपासून तिथे नाही. घरी पोचली का, म्हणून विचारत होत्या."

आई खाली बसली. हातातलं खुरपं तिने मातीत पुन्हा पुन्हा खुपसलं.

"काल सकाळपासून?"

"हो. त्यांना वाटलं आजारी आहे, झोपली असेल. संध्याकाळी लक्षात आलं."

"म्हणजे रात्रभर ती कुठे होती?"

बाईंनी चपला खाली ठेवून पायात घातल्या.

आमच्या गावची शाळा एका खोलीची, पाचवीपर्यंत. त्यानंतर मुलगे खालच्या शहरात कुणा नातेवाइकाकडे राहून पुढे शिकायचे. मुली घरी राहायच्या. बाई गावात आल्यापासून दारोदार फिरून सांगत होत्या, की शहरात मुलींचं वसतिगृह आहे, राहायची जेवायची सोय आहे, एकीला तरी पाठवा. शेवटी बाबा तयार झाले. ते रस्त्याच्या कामावर असायचे, नदीपलीकडे, महिनेच्या महिने. घर काका चालवायचा. काका काही वाईट माणूस नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "जाऊ दे, शिकू दे. पण तिच्या वाटणीचं काम कोण करणार?"

आई म्हणाली, "होईल."

होईल म्हणजे मी करीन. पाणी माझ्याकडे आलं, शेळ्या माझ्याकडे आल्या, आणि माझी शाळा गेली. "थोडे दिवस," आई म्हणाली होती. मग बर्फ पडलं, बर्फ वितळलं, बटाटे लावून झाले, आणि थोडे दिवस काही संपले नाहीत. बाई सुरुवातीला मला बोलवायला यायच्या. नंतर यायच्या थांबल्या. मला फारसं वाईट वाटत नव्हतं, हेही खरं सांगते. शेळ्या माझं ऐकायच्या. पाढे माझं कधीच ऐकत नसत.

गावातल्या आणखी तीन मुली पुढच्या सत्रात खाली जायच्या होत्या. त्यांचे बाप ताईकडे डोळे लावून बसले होते. गोठलेल्या तळ्यावर पहिलं माणूस पाय टाकतं, तेव्हा काठावरची माणसं बघतात ना, तसे. ती पोरगी वसतिगृहातून निघून गेली, रात्रभर बाहेर होती, एवढं एक वाक्य गावात शिरलं असतं तर त्या तिघींचं जाणं तिथेच संपलं असतं. ताईच्या नावाचं काय झालं असतं ते वेगळंच. "पळाली" हा शब्द आमच्याकडे एकदा चिकटला की निघत नाही.

"कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "आपण दोघी जाऊ. वाटेत भेटलीच तर गुपचूप परत."

आईने काकूला सांगितलं की दाढ ठणकतेय, बाई शहरात शाळेच्या कामाला निघाल्यात, त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊन येते. आईला खोटं बोलायची सवय नव्हती. तिने एक गाल धरून दाढदुखी सांगितली आणि शाल घेऊन बाहेर पडताना दुसरा धरला. काकूने ते पाहिलं की नाही कोण जाणे. तिने बिचारीने लवंग आणून दिली.

खाली जायची वाट एकच. पण जनावरांच्या पायवाटा तिला येऊन मिळतात, आणि लपत जायचं म्हटलं तर माणूस त्या पायवाटांनी जाऊ शकतं. आई प्रत्येक फाट्यावर थांबून वर बघायची. हाक मारायची सोय नव्हती. हाक मारली तर समोरच्या उतारावरचं गाव ऐकणार.

अर्ध्या वाटेत खेचरवाला भेटला. तो खेचरं नदीच्या अलीकडे बांधून खालच्या शहरातून आमच्या गावाचं सामान आणायचा, आणि सामानापेक्षा बातम्या जास्त आणायचा. बाईंनी आईचा दंड दाबला आणि हसत विचारलं, "काय, आज वाटेला वर्दळ दिसत नाही?"

"कोण येणार? नदीवर वारा सुटलाय. पलीकडून यायचा पाळणा सकाळपासून बंद होता. मी आत्ता कसाबसा आलो." मग आईकडे वळून तो म्हणाला, "तुमची थोरली मजेत आहे. मागच्या फेरीला मोजे पोचवले तिला. धाकटीची फार चौकशी करत होती."

आईने विचारलं, "काय चौकशी?"

"आता कितवीचं पुस्तक वाचते, म्हणाली. मी म्हटलं, पुस्तक कसलं, रोज खिंडीत भेटते मला, शेळ्यांमागे असते, चांगली तब्येत झालीय." तो हसला. "का हो? दाढ दुखतेय वाटतं?"

आईचा हात गालावर गेला होता, पण दाढेसाठी नाही.

तो वर निघून गेल्यावर दोघी भरभर उतरायला लागल्या. माझी शाळा सुटल्याचं ताईला तोवर माहीतच नव्हतं. दर रविवारी ती वसतिगृहातून शाळेच्या फोनवर बोलायची. ती विचारायची, धाकटी कुठपर्यंत आली? आई सांगायची, छान शिकतेय, आता घडाघडा वाचते. ताई म्हणायची, तिला दे ना फोन. आई सांगायची, आत्ताच खेळायला गेली बघ.

"तुम्ही तिला सांगितलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" आई म्हणाली.

नदीवर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. आमच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. लोखंडी तारेला लाकडी खोका टांगलेला होता, तोच पाळणा. आमच्या काठावर एक म्हातारा बसायचा आणि दोर ओढून माणसं इकडून तिकडे न्यायचा. त्याला सगळे दोरवाला म्हणायचे. तो ओढल्याशिवाय कुणी ही नदी ओलांडू शकत नव्हतं. म्हणजे ताई इकडे आली असेल तर त्याला ठाऊक असणारच.

बाईंनी पुन्हा आडून विचारलं, "काल संध्याकाळी फार उशिरापर्यंत होतात का हो?"

"छे. वारा वाढला, लवकर बांधून टाकला पाळणा." त्याने दोराला हात घातला आणि थांबला. "पण कोणीतरी होतं पलीकडे. मी घराकडे निघालो आणि मागे बघितलं तर त्या काठावरून हात हलवत होतं. लहानखुरं वाटलं. मी खूण केली की उद्या, उद्या. मग जरा वेळाने बघितलं तर कोणी नव्हतं."

"कुठे गेलं?"

"आता मला काय माहीत? परत गेलं असेल. नाहीतर जुन्या उताराकडे."

जुना उतार म्हणजे नदी जिथे पसरट होते ती जागा. पाळणा होण्याआधी लोक तिथून पाण्यात उतरून यायचे. पण ते थंडीत, पाणी ओसरल्यावर. आता वरचं बर्फ वितळत होतं. काठावर उभं राहिलं की पायाखालची जमीन थरथरत होती, आणि पाण्यातून दगड गडगडत जाताना आवाज यायचा, जसं खाली कुणी अवजड सामान हलवतंय.

पाळण्यात आई बाईंसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मधोमध वाऱ्याने खोका तिरका झाला, तेव्हा बाईंनी डोळे मिटले. आईने नाही मिटले. ती खाली पाण्याकडे बघत होती, प्रत्येक खडकामागे, प्रत्येक भोवऱ्यात. ताईच्या अंगावर शाळेचा निळा स्वेटर असेल, म्हणून ती निळं काही दिसतंय का बघत होती. आणि दिसू नये म्हणूनही.

पलीकडच्या काठावर एक पाणचक्की होती. ती चालवणारी बाई थोराड, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली. चक्कीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटायची. आई काही विचारणार तोच बाई पुढे झाल्या. मुलीचं नाव निघू नये, गाव निघू नये, म्हणून त्यांनी वाटेत एक गोष्ट रचून ठेवली होती.

"आमच्याकडे घरकामाला एक पोरगी यायची होती," त्या म्हणाल्या. "एकटीच निघालीय. वाट चुकली की काय कळत नाही. इथे कुणी आली होती का?"

चक्कीवालीने त्यांना वरून खाली न्याहाळलं. "किती मोठी?"

"असेल बारा-तेराची."

"आणि तुम्ही तिच्या कोण?"

"कोणी नाही. काम द्यायचं होतं, एवढंच."

"इथे धान्य येतं," चक्कीवाली म्हणाली. "पोरी येत नाहीत." आणि तिने दार लावून घेतलं.

मग दोघी जुन्या उताराकडे गेल्या. तिथे ओली वाळू होती. वाळूवर काही असलंच तर पाण्याने ते पुसून नेलं होतं. आई काठाकाठाने चालत गेली आणि बाईंच्या लक्षात येईपर्यंत गुडघाभर पाण्यात उतरली होती. बाईंनी तिला मागून धरलं.

"काय करताय?"

"ती लहानपणी इथून नदीपार आलीय. तिच्या बाबांच्या खांद्यावर बसून. तिला वाटलं असेल येईल उतरता."

"ती हुशार आहे. उतरणार नाही."

"हुशार आहे म्हणूनच तर ऐकताच कळलं तिला, आणि घाईने निघाली," आई म्हणाली. बाईंनी हा शब्द न् शब्द मला सांगितला आहे. पुढे त्या कुठल्याही मुलीला हुशार म्हणायच्या, तेव्हा त्यांना तेच आठवायचं म्हणे.

दोघींनी एकमेकींना धरून काठावर यायला वेळ लागला. पाण्याने पाय बधिर झाले होते. बाई रडत होत्या. आई रडत नव्हती. ती चक्कीकडे बघत होती.

"आपण विचारलं तेव्हा तिने आधी मागच्या खोलीकडे बघितलं," आई म्हणाली. "मग आपल्याला विचारलं, तुम्ही तिच्या कोण. चला परत."

"पण काय सांगायचं?"

"आता मी बोलते."

चक्कीवालीने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही. दारामागे टेकवलेला दांडकाही तिने हाताशी घेतला. आई घडाघडा बोलत सुटली. जन्मात कधी एका दमात एवढं बोलली नसेल. "ती माझी मुलगी आहे. शहरात शिकते, वसतिगृहात राहते. तिथून न सांगता निघून आलीय. या तिच्या पहिल्या शाळेतल्या बाई. आम्ही मघाशी खोटं बोललो, गावात कळू नये म्हणून. मी तिच्याशीही खोटं बोलले. तिची धाकटी बहीण शाळेत जाते असं सांगत राहिले, आणि ती जात नाही. म्हणून ती निघालीय. काल तुमच्या इथून नदीपार हात हलवत होती. तुम्ही तिला बघितलं असेल तर एवढंच सांगा, की ती पाण्याकडे गेली का."

आतून पिठाच्या पोत्यामागून ताई बाहेर आली. तिच्या केसांत पीठ होतं. चक्कीवालीने तिला फुकट बसवलं नव्हतं, चाळायला बसवलं होतं. ती आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुझे पाय ओले आहेत."

आई तिच्या केसांतलं पीठ झटकायला लागली.

चक्कीवालीने दांडका जागेवर ठेवला. "मला वाटलं, पोरी पळवणाऱ्या आहात," ती बाईंना म्हणाली. "तुम्ही बोलताच इतकं गोड." तिने चहा ठेवला, दोघींच्या पायांना गोणपाट गुंडाळलं, आणि चक्कीचं पाणी तोडून दगड थांबवला. आवाज बंद झाल्यावर सगळ्यांनाच आपण फार मोठ्याने बोलतोय असं वाटायला लागलं.

ताईने सांगितलं ते असं. खेचरवाल्याकडून ऐकल्यावर तिला वर्गात काही सुचेना. फळ्यावर तिथल्या बाई लिहायच्या आणि हिला खिंड दिसायची. मग ती एका ट्रकच्या मागे बसून रस्ता संपतो तिथपर्यंत आली. बाबांचं काम त्याच रस्त्यावर. तिथून ट्रक जाताना ती खाली वाकून बसली, बाबांना दिसू नये म्हणून. नदीवर आली तर पाळणा बांधलेला. उताराकडे ती खरंच गेली होती. तिने पाण्यात पाय घातला होता. तेवढ्यात चक्कीवालीने ओरडून तिला मागे बोलावलं. घरचं कुणी येईपर्यंत ती तिला एकटीला पाळण्याकडे सोडायला तयार नव्हती.

आईने तेव्हा तिचा हात धरला तो रात्री चक्कीवर झोपेतही सोडला नाही.

"मी घरी येतेय," ताई म्हणाली. "मी शेळ्या राखीन, पाणी आणीन. ती शाळेत जाईल. तिची पाचवी झाली की मग माझं बघू."

"तुझं वर्ष जाईल," बाई म्हणाल्या.

"तिचं गेलंच की. बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तुम्ही तिला बोलावलं का नाही?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "मला वाटलं, एकदा तू पोचलीस की मागच्यांना सोपं जाईल. एक तरी पोचू दे. धाकटीचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

बाई पायांवरचं गोणपाट सारखं करू लागल्या. आई म्हणाली, "तुला तिकडे काळजी नको म्हणून नाही सांगितलं."

"काळजी मला रोजच होती," ताई म्हणाली. "ती कधीच फोनवर येत नव्हती. मला वाटायचं, आजारी आहे आणि तुम्ही लपवताय. मेली असेल असंही वाटायचं."

सकाळी तिघी बाबांकडे निघाल्या. आईला याची सगळ्यात जास्त धास्ती होती. ताईला पाठवायचं म्हणून बाबा पहिल्यांदा आपल्या भावासमोर आवाज चढवून बोलले होते, आणि आता त्याच पोरीला घेऊन आई त्यांच्या कामावर उभी राहणार होती. त्या पोचल्या तेव्हा सुरुंग लावायचं चाललं होतं. लाल निशाण घेतलेल्या माणसाने त्यांना अडवलं. डोंगराच्या वळणापलीकडे बाबा आहेत, एवढंच दिसत होतं. मग शिट्टी, मग शांतता, मग पोटात धडका देणारा आवाज. धूळ खाली बसेपर्यंत आईने मनात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी जुळवल्या आणि मोडल्या. बाबा आले तेव्हा तिच्याजवळ जे घडलं तेवढंच शिल्लक होतं. तिने ते सांगितलं.

बाबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. एवढं ऐकून त्यांनी ताईला एकच विचारलं, "तू इथूनच गेलीस? ट्रकमधून?"

"हो."

"आणि मला बघून खाली वाकलीस."

ताईने मान हलवली. बाबा पाठ फिरवून दरीकडे तोंड करून उभे राहिले. आई सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतर ते मुकादमाकडे जाऊन सुट्टी मागून आले. "तू परत जायचंस," ते ताईला म्हणाले. "धाकटी सोमवारपासून शाळेत बसेल. नाही बसली तर मी स्वतः येऊन तुला घरी नेईन. मग राख शेळ्या."

"तुम्ही इथे असता," ताई म्हणाली. "तुम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगेन," आई म्हणाली.

तेवढ्यावर ताईचा विश्वास बसला नाही, आणि ते आईला चांगलंच लागलं. मग ताईनेच अट घातली. दर रविवारी धाकटीने स्वतः फोनवर यायचं आणि पुस्तकातला धडा वाचून दाखवायचा. ज्या रविवारी आवाज आला नाही, त्या सोमवारी ती निघणार. या वेळी ट्रकमध्ये वाकून बसणार नाही.

बाई तिला घेऊन शहरात गेल्या. वसतिगृहाच्या अधीक्षिका काढूनच टाकायच्या बेतात होत्या. बाईंनी काय सांगितलं, किती विनवण्या केल्या, ते त्या कधी बोलल्या नाहीत. आई आणि बाबा पाळण्यातून घरी आले. मी अंगणात शेळ्या बांधत होते. बाबांना अवेळी आलेलं पाहून मला वाटलं, कुणीतरी गेलं.

बाबांनी काकाला सरळ सांगितलं, धाकटी शाळेत जाणार.

"मग शेळ्यांना पण बसवायचं का वर्गात?" काका म्हणाला.

"एक दिवस तुझा मुलगा राखेल, एक दिवस माझी मुलगी."

"त्याचा अभ्यास बुडेल."

"बुडेल ना?" बाबा म्हणाले. "मग हिचाही बुडतोच की रे."

काकाने जुने हिशेब काढले, बाबांनीही काढले. बोलणं वाढत गेलं आणि नको तिथवर गेलं. कुणी किती राबलं, कुणी घर सांभाळलं, आजोबांच्या आजारपणात कोण होतं. त्या आठवड्यात शेळ्या वाटल्या गेल्या आणि चूलही. काकू आईशी बोलेनाशी झाली. दोघी एकाच अंगणात भांडी घासायच्या आणि मधे भिंत असल्यासारख्या वागायच्या. आमच्या वाट्याच्या शेळ्या आणि पाणी आता आईकडे आलं. तिला वाफ्यांकडे बघायला वेळ होईना.

आणि मी? मी दोन दिवस रडले. एक करडू माझ्यामागे घरभर फिरायचं, ते काकाच्या वाटणीला गेलं. वर्गात बाईंनी मला लहान पोरांमध्ये बसवलं, कारण मी सगळं विसरले होते. माझे पाय बाकाखाली मावायचे नाहीत. पहिल्या रविवारी मी फोनवर धडा वाचला तेव्हा ताईने मला प्रत्येक ओळीत अडवलं. "तो शब्द परत. नाही, परत. घाई करू नकोस." आई बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी बरोबर वाचतेय की मनचं ठोकून देतेय हे तिला कळायला मार्ग नव्हता. ती दुसरीकडे, ताई काय म्हणतेय तिकडे, कान लावून असायची.

गावात कळायचं ते कळलंच. दोरवाल्याने कुणाला तरी सांगितलं असणार. जायच्या होत्या त्या तिघींपैकी दोघींच्या घरून नकार आला. विणकराने मात्र आपल्या मुलीला पाठवलं. पाठवायच्या आधी तो एकटा आमच्या घरी आला आणि आईला विचारलं, खरं काय घडलं ते सांगा. आईने सगळं सांगितलं, पाण्यात पाय घातल्यापर्यंत. ऐकून तो उठून गेला. आई त्या रात्री जेवली नाही. तिला वाटलं, आपण त्या मुलीची वाट बंद केली. चार दिवसांनी विणकराची बायको वसतिगृहात लागणाऱ्या अंथरुणाचं माप विचारायला आली.

उन्हाळ्याच्या शेवटी आई पहिल्यांदाच ताईला बघायला शहरात गेली. मलाही नेलं. वसतिगृहाच्या लांबलचक खोलीत खाटा ओळीने मांडलेल्या होत्या, आणि आई ताईच्या खाटेच्या अगदी कडेला बसली, चादर चुरगळू नये म्हणून. ताई उंच झाली होती. तिने विचारलं, "घरी कसं चाललंय?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघत होते.

"काकू अजून बोलत नाही," आई म्हणाली. "निम्मे बटाटे जमिनीतच कुजले, वेळेवर काढता आले नाहीत. तुझ्या बाबांची पाठ धरलीय, पण कामावर जातात. एक शेळी कड्यावरून पडली. आणि हिने परवा शाळेला दांडी मारली, करडू बघायला काकाच्या गोठ्यात गेली होती."

ते तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मला भीती वाटत होती की ती आता उठेल आणि पिशवी भरायला लागेल. आईलाही वाटत असणार, कारण तिने चादरीची कड घट्ट धरली होती. पण ताई फक्त म्हणाली, "पाठीला काय लावताय?"

"तेल. गरम करून."

"इथल्या दवाखान्यात चांगलं मलम मिळतं. जाताना घेऊन जा." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू इकडे ये. सातचा पाढा म्हण."

मी उभी राहिले. सात चोक अठ्ठावीसपर्यंत नीट गेले.